साठ श्वासांची रेघ कोणी ओढली?

गडचिरोलीहून धानोऱ्याला निघालं की एकाच रस्त्यावर दोन ठिकाणं लागतात. आधी चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राम. इथे झालेलं संशोधन लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे सरकारी धोरणात उतरलं. मग धानोरा जवळ आलं की मेंढा (लेखा). दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं आणि तसं वागून दाखवणारं हे गोंडांचं गाव. एका ठिकाणी मोजून-मापून ज्ञान मिळवलं, दुसरीकडे 'तुम्ही कोण मोजणार?' असं विचारलं गेलं. विज्ञानाचं ज्ञान कितपत वस्तुनिष्ठ असतं, या जुन्या वादाला हा रस्ता चांगला आहे.

खालच्या संवादातले दोघे धानोऱ्याचेच. सरांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं. विद्यार्थिनी त्यांच्याच वर्गातली. बाहेर जाऊन समाजशास्त्र शिकली आणि आता ग्रामसभांसोबत वनहक्काचं काम करते. दोघेही कल्पित आहेत. ज्या घटनांवर ते भांडतात, त्या मात्र घडलेल्या आहेत.

सर: परवाच्या सभेत तू म्हणालीस, वस्तुनिष्ठ असं काही नसतंच. मी मागे बसून ऐकत होतो. शिकवलं ते सगळं वाया गेलं काय, असं वाटलं मला.

विद्यार्थिनी: तसं नाही म्हटलं, सर. 'हे वैज्ञानिक आहे' एवढं सांगून कोणी आमचं तोंड बंद करू नये, एवढंच म्हटलं.

सर: ऐकणाऱ्याला फरक कळला नाही. चल, शोधग्रामचंच उदाहरण घेऊ. न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. मिनिटाला किती, ते मोजलं की निदान होतं. अडचण अशी होती की गावच्या दाईला फार पुढपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा बंगांनी एक साधं साधन केलं, ब्रेथ काउंटर. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकून गेले, तर बाळाला औषध सुरू करायचं. आता सांग, निरक्षर दाईने मोजलं काय आणि एमडी डॉक्टरने मोजलं काय, मणी तेवढेच सरकणार ना? दाई कोणत्या जातीची, कोणाला मत देते, याचा त्या मण्यांशी काय संबंध? बघणारा बदलला तरी बघितलेलं बदलत नाही. यालाच मी वस्तुनिष्ठ म्हणतो.

विद्यार्थिनी: श्वास किती, ते दोघी सारखंच मोजतील. कबूल. पण किती श्वासांच्या पुढे न्यूमोनिया म्हणायचं, ते कोणी ठरवलं? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५०. एकोणसाठला बाळ बरं आणि एकसष्टला आजारी, असं काय त्याच्या फुप्फुसावर लिहिलेलं असतं?

सर: ते काही हवेत ठरवलेलं नाही. फ्रँक शान नावाच्या डॉक्टरने पापुआ न्यू गिनीत आजारी मुलांचे श्वास मोजले. कोणत्या वेगाला किती रोगी सापडतात आणि किती निरोगी उगाच अडकतात, हे लोकांनी ताडून पाहिलं. मग जागतिक आरोग्य संघटनेने आकडे घेतले.

विद्यार्थिनी: मीही तेच म्हणते. रेघ खाली आणली, की न्यूमोनिया नसलेल्या कितीतरी लेकरांच्या पोटात अँटिबायोटिक जाणार. वर नेली, की खरोखरचे रोगी निसटणार. यातली कोणती चूक चालवून घ्यायची? औषध वाया जाणं की लेकरू जाणं? दवाखाना घराशेजारी असला तर एक उत्तर येईल. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटतं, तिथे दुसरं येईल. रिचर्ड रडनर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९५३ सालीच हा मुद्दा मांडला होता. पुरावा 'पुरेसा' आहे असं शास्त्रज्ञ म्हणतो, तेव्हा चूक झाली तर काय भोगावं लागेल याचा हिशेब त्यात आधीच धरलेला असतो. तो हिशेब मण्यांवर होत नाही.

सर: ठीक आहे. रेघ माणसाने ओढली. पण रेघ ओढायच्या आधी श्वास मोजावे लागलेच ना? मूल्यं आली ती शेवटी. मोजणी शुद्धच राहिली.

विद्यार्थिनी: शेवटीच येतात असं नाही, ती सुरुवातीलाही असतात. राणी बंगांचा १९८९चा 'लॅन्सेट'मधला अभ्यास आठवा. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बायका. त्यातल्या ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग. आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचे आकडे नव्हते असं नाही. बाळंतपणं किती, ऑपरेशनं किती, तांबी किती बसवली, सगळं रजिस्टरात होतं. ते आकडेही तुमच्या व्याख्येने वस्तुनिष्ठच होते. फक्त बाईच्या दुखण्याचा रकाना त्यात नव्हता. रकाना नाही म्हणून आजार नाही, असंच चाललं होतं.

सर: यात माझंच म्हणणं सिद्ध होतं. एका बाईला तो प्रश्न सुचला, म्हणून ९२ हा आकडा बाईचा होत नाही. प्रश्न सुचणं वेगळं आणि उत्तर खरं ठरणं वेगळं. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाखने हा भेद कधीच करून ठेवला आहे. प्रश्न कुठूनही येऊ दे. रागातून येऊ दे, दुःखातून येऊ दे. उत्तर मात्र कोणीही तपासावं आणि तेच निघावं.

विद्यार्थिनी: कागदावर भेद छान आहे. पण जो प्रश्न कोणाला सुचतच नाही, त्याचं उत्तर खरं-खोटं ठरायची वेळच येत नाही. मग त्या अज्ञानाला आपण काय म्हणायचं? वस्तुनिष्ठ अज्ञान?

सर: शब्दांत पकडू नको. उदाहरण दे.

विद्यार्थिनी: देते. बांबू झाड की गवत?

सर: हे काय विचारणं झालं? गवत. भात, गहू, ज्वारी यांच्या कुळातलं. कोंब जमिनीतून येतो तोच पुऱ्या जाडीचा, एका हंगामात उंची गाठतो आणि नंतर जाडीला वाढतच नाही. सागाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्षावर्षाची वलयं बांबूत सापडायची नाहीत.

विद्यार्थिनी: पण १९२७च्या भारतीय वन कायद्याला बांबू हे झाड होतं. ताड, वेत, बांबू, सगळी झाडंच. त्यामुळे बांबू वनखात्याचा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तो लीजवर मिळायचा आणि जंगलाच्या कुशीत राहणाऱ्याला चार बांबू आणायचे तर भीत भीत. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला. मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल २०११मध्ये त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आणि १९२७च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघाला तो नोव्हेंबर २०१७च्या अध्यादेशाने. नव्वद वर्षं लागली, सर.

सर: मग यात विज्ञान कुठे चुकलं? वनस्पतिशास्त्र आधीपासून गवतच म्हणत होतं. चुकला तो कायदा. उलट गावाच्या बाजूने साक्ष दिली ती विज्ञानाने.

विद्यार्थिनी: दिली, पण नव्वद वर्षं कोर्टाच्या दाराबाहेर उभी राहून. वनखात्यातल्या साहेबांना काय बांबू गवत आहे हे माहीत नव्हतं? सगळे शिकलेले होते. आणि एक सांगू? गावाला हक्क मिळाला तो बांबू गवत आहे म्हणून नाहीच. तेंदू तर अस्सल झाड, तरी तेंदूपत्ता गौण वनोपजच. हक्क मिळाला तो लोक लढले म्हणून. त्याहून पुढची गोष्ट, 'झाड' हा गट तरी वनस्पतिशास्त्राचा आहे का? ताडाला आपण झाड म्हणतो, पण नात्याने तो सागापेक्षा बांबूला जवळचा. गुलमोहर आणि हरभरा एका कुळातले, उंच वाढला तो झाड झाला. शास्त्रज्ञ वंश बघून गट पाडतो. वनपाल लाकूड किती निघेल ते बघतो. बुरूड कांब चिरून बघतो, टोपलीला चालेल का. तिघांचे तीन बांबू, आणि तिघांतला कोणीच खोटं बोलत नाही.

सर: थांब, इथे तू घसरून राहिली. गट तीन, कबूल. पण बांबूला फुलोरा आला की बेटच्या बेट वाळून मरतं, हे तिघांनाही सारखंच. ग्रामसभेने ठराव घेऊ दे, मंत्रालयाने जीआर काढू दे, ते बेट हिरवं राहायचं नाही. गट आपण पाडतो. मरायचं कधी, ते बांबू ठरवतो. एवढी जमीन पायाखाली ठेव, नाहीतर तुझंच बोलणं उद्या दुसरा कोणी वापरेल. तो म्हणेल, ताप करणीने येतो, हाही माझा एक गट. आपल्या भागात मलेरिया आहे. फाल्सिपेरमचा ताप मेंदूत शिरला तर हातात थोडे तास असतात. तेव्हा 'तुझं सत्य वेगळं, माझं वेगळं' करत बसू? अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात गोळ्या घातल्या. त्यांचं मागणं एवढंच होतं की चमत्काराचा दावा करता, तर तो तपासू द्या.

विद्यार्थिनी: करणीचा दावा तपासा. पडेल, आणि मला त्याचं काही वाटणार नाही. पण तपासणी सगळ्यांची व्हावी. पुजाऱ्याचा दावा तपासायचा आणि साहेबाचा नुसता फाइलला लावायचा, हे मला मंजूर नाही. माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला ते ठाऊक असेलच तुम्हाला.

सर: उत्तर कन्नडमधला? दांडेलीच्या कागद कारखान्याचा?

विद्यार्थिनी: तोच. १९७०च्या दशकात बांबू घटत चालला, तशी ओरड झाली. बोट कोणाकडे? गुरं चारणाऱ्या, बांबू तोडणाऱ्या गावकऱ्यांकडे. सरकारने काम दिलं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गाडगीळांना. तिथला बांबू काटेरी. बेटाच्या बुडाशी काट्यांची दाट जाळी असते. वनखात्याची शास्त्रीय पद्धत अशी की ती जाळी साफ करायची, म्हणजे बेट मोकळं होतं आणि वाढ चांगली होते. गावकरी म्हणत होते, हीच चूक आहे. काटे काढले की नवे कोंब उघडे पडतात आणि गुरं, वानरं, रानातली जनावरं ते खाऊन टाकतात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटं निवडून मोजणी केली. गावकरी बरोबर निघाले.

सर: बघ. गावकरी बरोबर निघाले ते गावकरी होते म्हणून नाही, गाडगीळांनी मोजलं म्हणून.

विद्यार्थिनी: आणि गाडगीळांनी ते मोजलं, गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून. त्याआधी कित्येक वर्षं खात्याकडे प्रशिक्षित माणसं होती, आराखडे होते, नोंदी होत्या. मग हे एक साधं मोजमाप काहून झालं नाही? कारण काटे म्हणजे अडगळ, हे आधीच ठरलेलं होतं. बांबू तोडून कारखान्यात न्यायचा, याच नजरेने बेटाकडे बघितलं की काटा मजुराच्या हाताला लागणारी कटकट दिसतो. कोंबाचं कुंपण दिसत नाही.

सर: आता तू थॉमस कूनचं नाव काढशील. शास्त्रज्ञ चौकटीतूनच बघतात, चौकट बदलली की जगच बदलतं, वगैरे.

विद्यार्थिनी: कूनचं १९६२चं पुस्तक वाचलं आहे, पण मला जवळची वाटते तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो. तिचं म्हणणं असं की एकट्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात वस्तुनिष्ठता शोधू नका. माणूस आहे, त्याचे ग्रह असणारच, आणि ते त्याला स्वतःला दिसणार नाहीत. वस्तुनिष्ठता असते ती व्यवस्थेत. आक्षेप घ्यायला जागा आहे का? घेतलेल्या आक्षेपाने काही बदलतं का? कसोट्या सगळ्यांना सारख्या आहेत का? आणि बोलणाऱ्याचं वजन त्याच्या खुर्चीवरून ठरतं का? ज्या टेबलाभोवती सगळे एकाच प्रकारचे लोक बसतात, तिथे सगळ्यांची चूकही एकाच प्रकारची होते. मग ती चूक वाटतच नाही.

सर: हे मला पटण्यासारखं आहे. तत्त्वज्ञ पॉपरही म्हणायचा की विज्ञान टिकतं ते शास्त्रज्ञ निष्पक्ष असतो म्हणून नाही, तर शास्त्रज्ञ एकमेकांच्या चुका काढतात म्हणून. पण माझी एक भीती तशीच राहते. टेबलाभोवती सगळे बसले, एकमत झालं, म्हणून ते खरं कसं? मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात, एकाचा जरी आक्षेप राहिला तरी निर्णय थांबतो. चांगलं आहे. पण रक्ताच्या थेंबात मलेरियाचा जंतू आहे की नाही, हे सर्वसहमतीने ठरवाल?

विद्यार्थिनी: नाही. आणि मेंढ्यानेही तसं कधी केलं नाही. तिथे गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, अभ्यास गट आणि ग्रामसभा. अभ्यास गटात कोणीही यावं. बाहेरचा अभ्यासक, अधिकारी, गावातला म्हातारा. वाचावं, विचारावं, वाद घालावा. पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. त्यामुळे अभ्यास गटात कोणाला जिंकायची घाई नसते आणि ग्रामसभेत कोणी 'मला जास्त कळतं' म्हणून दामटू शकत नाही.

सर: म्हणजे काय आहे ते शोधायचं एकीकडे आणि काय करायचं ते ठरवायचं दुसरीकडे. बाई, हा तर माझाच भेद झाला. तथ्य वेगळं, मूल्य वेगळं.

विद्यार्थिनी: अर्धाच तुमचा. तुमच्या भेदात तथ्य शोधणारे एक असतात आणि मूल्य ठरवणारे दुसरे. मेंढ्यात माणसं तीच आहेत. ज्याला निर्णय भोगायचा आहे, तो अभ्यासातही बसलेला असतो.

सर: आता माझं ऐक, कारण हे तुझ्या कामाचं आहे. १९९९चा 'लॅन्सेट'मधला घरोघरी नवजात बाळांच्या सेवेचा अभ्यास. ३९ गावांत आरोग्यदूत घरी जाऊन बाळाची काळजी घेत होती. ४७ गावं तुलनेला. सेवा दिलेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मरत होते, ते तिसऱ्या वर्षी २५वर आले. तुलनेच्या गावांत ५८ होते, ते ६०च्या घरातच राहिले. खेड्यातली बाई नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देते, यावर शहरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसला असता काय? बसला तो या आकड्यांमुळे. पुढे २०११मध्ये देशभरच्या 'आशा' आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. २००१चा 'कोवळी पानगळ' अहवाल घे. सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू होतात, हे घरोघर मोजून दाखवलं, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. आता समज, वस्तुनिष्ठ असं काही नसतंच. मग सरकारचा आकडा हे सरकारचं मत आणि तुझा आकडा हे तुझं मत. दोन मतं समोरासमोर आली की कोणाचं टिकतं? ज्याच्याकडे शिक्का आहे त्याचं. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याला सत्य असण्याची गरज सर्वांत जास्त असते. तुझ्या सभेतल्या लोकांकडून ते काढून घेऊ नको.

विद्यार्थिनी: याला माझ्याकडे उत्तर नाही, सर. वनहक्काचे दावे आम्हीही पुराव्यावरच जिंकतो. सीमा चालून बघतो, जीपीएसवर नोंद घेतो, म्हाताऱ्यांचे जबाब लिहितो. पुरावा म्हणजे नुसतं मत असतं, तर आमचा एकही दावा टिकला नसता. तेव्हा 'वस्तुनिष्ठ काही नसतं' असं मी म्हणणार नाही. पण मेलेलं प्रत्येक लेकरू मोजायचं, हे ठरवणारं आधी कोणीतरी लागलं. सरकारी नोंद मोजमापाच्या चुकीने कमी आली असं मी मानत नाही. कमी आली तर बरं, अशी सोय होती म्हणून ती कमी आली. तुमच्या त्या सत्याला धार लावायला पक्ष घेणारी माणसंच लागतात.

सर: पक्ष घ्या. पण आपल्या पक्षाच्या विरुद्ध आकडा आला तरी तो छापायची तयारी ठेवा. बंगांच्या गावांत मृत्यू कमी झाले नसते, तर तेही छापावं लागलं असतं. शास्त्रज्ञ आणि वकील यांत फरक तो एवढाच.

विद्यार्थिनी: कबूल. मग साठ श्वासांची ती रेघ कुठे जाते? अभ्यास गटात की ग्रामसभेत? ती नुसतं तथ्य नाही, नुसतं मूल्यही नाही.

सर: ती दोन्हीकडे फिरवावी लागेल. किती बाळं निसटतील आणि किती उगाच औषध घेतील, हे डॉक्टरने सांगावं. कोणती चूक सोसायची ते, जिचं बाळ आहे तिने.

विद्यार्थिनी: आज तिला कोणी विचारत नाही.

सर: आणि विचारलं तर रात्री दोन वाजता, तापलेलं बाळ मांडीवर असताना, ती काय हिशेब करणार? प्रत्येक वेळी नाही विचारता येत, पोरी. काही रेघा आधी ओढून ठेवाव्याच लागतात.

विद्यार्थिनी: ओढून ठेवा. फक्त ओढताना आणि बदलताना तिच्यासारख्या चार जणी तिथे असू द्या. आता गावात कोणी संशोधक अहवाल घेऊन आला, की 'हे वस्तुनिष्ठ आहे का' असं मी नाही विचारणार. मी विचारेन, हे चुकलं असेल तर ते कशावरून कळेल? आणि आम्हाला ते कळलं, तर सांगायचं कोणाला?

सर: पहिला प्रश्न पॉपरचा आहे. तो नीट विचारलास तर अर्धे अहवाल तिथेच गळून पडतील.

विद्यार्थिनी: आणि दुसरा?

सर: दुसरा मी वर्गात कधी शिकवला नाही. पण क्रम बदलू नको. ज्याला पहिल्याचं उत्तर देता येत नाही, त्याने दुसरा विचारला तर ती नुसती तक्रार होते.

विद्यार्थिनी: आणि पहिल्याचं उत्तर देणाऱ्याने दुसऱ्याचं दिलं नाही, तर तो नुसता हुकूम होतो.